बिआटा बिआट्रिक्स: ती मेलेली नाहीये, आणि ती नुसती लिझीही नाहीये

तुझा प्रश्न वाचला. पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, स्टडी कॉपीसाठी एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश चित्रकार रोझेटी याचं ‘बिआटा बिआट्रिक्स’ निवडलंयस आणि आता अडकलायस. चित्रातली बाई मेलेली आहे का? ती दान्तेची बिआट्रिस आहे की रोझेटीची बायको लिझी? आणि प्री-राफेलाइट, म्हणजे रोझेटी ज्या चित्रकार-मंडळीतला ती, गवताची पाती न पाती काढणारे लोक असं वर्गात शिकवलं, मग हे चित्र एवढं धुरकट का?

मी तीसेक वर्षं ऑइलमध्ये पोर्ट्रेट करते, आणि त्यातली निम्मी तरी गेलेल्या माणसांची असतात. लोक वडलांचा पासपोर्ट साइज फोटो घेऊन येतात, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतलं आजीचं बोटाच्या पेराएवढं डोकं, आणि म्हणतात मॅडम, हुबेहूब पाहिजे. त्यामुळे समोर नसलेल्या माणसाचा चेहरा कॅनव्हासवर उभा करताना काय काय होतं ते मला रोज माहीत आहे, आणि या चित्राबद्दल मला जे वाटतं ते बरंचसं तिथूनच आलंय.

आधी गोष्ट नीट समजून घे, कारण त्याशिवाय चित्रातल्या वस्तू कळणार नाहीत. दान्ते हा इटालियन कवी, फ्लॉरेन्सचा, जन्म १२६५चा. नऊ वर्षांचा होत आला होता तेव्हा त्याने बिआट्रिसला पहिल्यांदा बघितलं, मग नऊ वर्षांनी परत एकदा रस्त्यात, तेव्हा तिने त्याला नमस्कार केला. बस, जवळपास एवढंच. तिचं लग्न दुसऱ्याशी झालं आणि १२९० च्या जूनमध्ये ती गेली, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. त्या एवढ्याशा भांडवलावर दान्तेने ‘व्हिता नुओव्हा’ लिहिलं, आणि पुढे ‘डिव्हाइन कॉमेडी’मध्ये त्याला स्वर्गात फिरवणारी तीच. गंमत अशी की ‘व्हिता नुओव्हा’मध्ये तिच्या मरणाचं वर्णनच नाहीये, कविता अर्धवट तुटते आणि दान्ते बायबलमधल्या शोकगीताची ओळ घालतो, माणसांनी भरलेलं शहर कसं एकाकी बसलंय, आणि मरणाबद्दल मी बोलणार नाही असं सांगून नऊ या आकड्याचा हिशोब मांडत बसतो. म्हणजे कवीने जी जागा मुद्दाम रिकामी सोडली, रोझेटीने नेमकी तिथे खुर्ची टाकली.

आणि रोझेटीला दान्ते काही कॉलेजात भेटलेला नाही, तो घरातच होता. वडील गाब्रिएले हे इटलीतून राजकारणापायी परागंदा झालेले, लंडनच्या किंग्ज कॉलेजात इटालियन शिकवायचे आणि जन्मभर दान्तेवरच लिहीत बसले. पोराचं नाव गाब्रिएल चार्ल्स दान्ते, त्याने मोठेपणी ‘दान्ते’ उचलून पुढे आणलं. ‘व्हिता नुओव्हा’चं इंग्रजी भाषांतर त्याने विशीतच केलं, छापलं १८६१ मध्ये. एवढं सगळं असून तो आयुष्यात एकदाही इटलीला गेला नाही. हे लक्षात ठेव, मागचं फ्लॉरेन्स असं का दिसतं ते त्यात आहे.

आता लिझी. एलिझाबेथ सिडल, जन्म १८२९. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअरजवळ बायकांच्या हॅटच्या दुकानात काम करायची, तिथून ती मॉडेल झाली. मिले या प्री-राफेलाइट चित्रकाराच्या ‘ओफिलिया’मध्ये पाण्यावर तरंगणारी मुलगी तीच, १८५१-५२ ची गोष्ट, गॉवर स्ट्रीटच्या घरात पाणी भरलेल्या टबात तिला झोपवायचे आणि पाणी कोमट राहावं म्हणून खाली दिवे लावायचे, एकदा दिवे विझले, मिले कामात, ही बोलली नाही, आणि चांगलीच आजारी पडली. तिच्या वडलांनी डॉक्टरच्या खर्चावरून मिलेला कोर्टाची धमकी दिली होती.

पण हे सगळे सांगतात. जे कमी सांगतात ते असं की ती स्वतः चित्रकार होती, कविता करायची, आणि छंद म्हणून नव्हे. कलासमीक्षक रस्किनने १८५५ मध्ये तिचं सगळं काम घ्यायचं ठरवून वर्षाला १५० पौंड बांधून दिले. १८५७ मध्ये प्री-राफेलाइट मंडळींनी रसेल प्लेसला आपलं आपलं प्रदर्शन भरवलं त्यात चित्रं लावणारी ती एकटी बाई. तिचं सेल्फ-पोर्ट्रेट आहे ऑइलमधलं, १८५३-५४ चं, छोटंसं गोल. ते शोधून बघच. पापण्या जड, ओठ घट्ट मिटलेले, रंग जरा फिकट हिरवट, आणि सरळ तुझ्याकडे बघतेय. रोझेटीने काढलेली लिझी बहुतेक वेळा खाली बघते नाहीतर डोळे मिटून असते. दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले तर माणूस एकच आहे यावर विश्वास बसायला मिनिटभर लागतं.

रोझेटीने तिला किती वेळा काढलं याचा हिशोब नाही. मित्र फोर्ड मॅडॉक्स ब्राउनने डायरीत लिहून ठेवलंय की याने मला ड्रॉवरभर लिझी दाखवल्या, एकीपेक्षा एक सुंदर, आणि याला आता हे वेडच लागलंय. (घरातलं तिचं लाडाचं नाव गगम्स, डायरीतही तेच.) आणि रोझेटीची बहीण ख्रिस्तीना, तीही मोठी कवयित्री, तिने १८५६ मध्येच एक छोटी कविता लिहिली, भावाच्या स्टुडिओतल्या सगळ्या कॅनव्हासवर एकच चेहरा आहे, पण तो ती आहे तशी नाही, याच्या स्वप्नात ती जशी आहे तसा. तेव्हा लिझी जिवंत होती! कविता छापून आली ती ख्रिस्तीना गेल्यावर. मला या चित्राबद्दल कुणी एकच वाक्य विचारलं तर मी हेच सांगते, कारण घरातल्या माणसाला ते सगळ्यात आधी दिसलं होतं.

लग्न झालं १८६० च्या मे महिन्यात, हेस्टिंग्जला. पुढच्या मेमध्ये मुलगी झाली ती मेलेलीच. लिझीला लॉडनमची सवय होती, म्हणजे दारूत मुरवलेली अफू, त्या काळी औषध म्हणून सहज मिळायची. १० फेब्रुवारी १८६२ ला दोघं कवी स्विनबर्नबरोबर बाहेर जेवली, घरी आली, रोझेटी परत बाहेर गेला, रात्री उशिरा आला तर ही बेशुद्ध आणि बाजूला बाटली. पहाटेनंतर गेली. बत्तीस वर्षांची. चौकशीत अपघाती मृत्यू असं ठरलं. त्याने आपल्या कवितांची वही तिच्या केसांपाशी ठेवून तिच्याबरोबर पुरून टाकली, लंडनच्या हायगेट दफनभूमीत.

हे चित्र त्यानंतरचं. चित्र आता लंडनच्या टेट गॅलरीत आहे, टेटवाले तारीख देतात साधारण १८६४ ते १८७०. साडेशहाऐंशी सेंटिमीटर उंच, सहासष्ट रुंद, म्हणजे फार मोठं नाही, आपण घरच्या भिंतीवर जे पोर्ट्रेट लावतो त्याच मापाचं. सहा वर्षं. आणि या सहा वर्षांत, १८६९ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने मित्राकरवी ती कबर रात्रीची उघडवली आणि वही बाहेर काढली. स्वतः गेला नाही. पानांना कीड लागून भोक पडलं होतं, ती वाळवून, निर्जंतुक करून उतरवून घेतली, आणि १८७० ला ‘पोएम्स’ छापून आलं. त्याच वर्षी हे चित्र पुरं झालं. मी त्याच्यावर रागावते आणि चित्रासमोर उभं राहिलं की राग टिकत नाही, हे दोन्ही खरं आहे आणि मी त्यातलं एक निवडायचा प्रयत्न सोडून दिलाय.

आता तुझा पहिला प्रश्न, मेलेली आहे का. नाही. रोझेटीने स्वतः पत्रात स्वच्छ लिहिलंय की हे मृत्यूचं चित्रण समजू नका, बिआट्रिस शहराकडे बघत गच्चीत बसलीय आणि एकदम तिला समाधी लागल्यासारखं होऊन ती इथून तिथे उचलली जातेय, तो क्षण आहे. नावही तेच सांगतं, लॅटिनमध्ये ‘बिआटा’ म्हणजे धन्य, कृतार्थ, आणि बिआट्रिक्स म्हणजे दुसऱ्याला धन्य करणारी. मेली असती तर मान अशी वर आली नसती. बघ तू, हनुवटी उचललेली आहे, गळ्याची शीर ताणलेली आहे, ओठ जरासे विलग आहेत. झोपलेल्या माणसाची हनुवटी छातीकडे येते, मेलेल्याचा जबडा सुटतो. इथे दोन्ही नाही. मी कॉलेजात असताना याची कॉपी केली होती, एका मळक्या प्रिंटवरून, आणि ओठ मिटवून टाकले, मला वाटलं तेवढं चालेल. चित्र पुरं झालं तर ती दुपारची वामकुक्षी घेणारी बाई दिसायला लागली. सरांनी काही न बोलता चाकूच्या टोकाने ओठांमधली रेघ खरवडली, दोन मिलिमीटर असेल, आणि ती एकदम श्वास घ्यायला लागली. तेव्हापासून मी कुठल्याही पोर्ट्रेटमध्ये ओठांची मधली रेघ शेवटच्या दिवसापर्यंत ओली ठेवते.

बाकी वस्तू पटकन सांगते. मागे सूर्यतबकडी आहे, सावली नऊवर, तो दान्तेचा नऊ. लाल पक्षी कबुतर आहे, डोक्यामागे तेजोवलय असलेलं, एरवी पांढरं कबुतर पवित्र आत्मा म्हणून येतं, इथे ते लाल, प्रेमाचं आणि मरणाचं दूत. आणि लिझीला रोझेटी लाडाने ‘डव्ह’ म्हणायचा हेही विसरू नकोस. चोचीत पांढरं पॉपीचं फूल आहे, तिच्या उघड्या हातात टाकतोय. हे फूल म्हणजे अफूचं. आपण अनारशाला जी खसखस लावतो त्याच झाडाचं. दान्तेच्या पुस्तकात पॉपी कुठेच नाही, ते फूल सरळ लिझीच्या टेबलावरच्या बाटलीतून आलंय, आणि मला वाटतं या चित्रात रोझेटी फक्त या एका जागी खरं बोललाय. कपडे हिरवे आणि जांभळे, आशा आणि दुःख असं त्याचा मित्र स्टीफन्सने लिहिलंय. मागे डावीकडे देवदूतासारखी प्रेमदेवता, तळहातावर बिआट्रिसच्या प्राणाची ज्योत घेऊन, उजवीकडे दान्ते त्या प्रेमदेवतेकडे बघतोय, आणि मधे लांबवर पोन्ते व्हेक्कियो, तो फ्लॉरेन्सचा पूल. फ्रेमसुद्धा रोझेटीनेच डिझाइन केलीय, तिच्यावर ९ जून १२९० ही तारीख आणि एकाकी शहराची ती लॅटिन ओळ, म्हणून पुस्तकात फ्रेम कापलेला फोटो असेल तर तो घेऊ नकोस, चित्राचा एक तुकडाच गेलेला असतो.

आता धूसरपणा, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तू म्हणतोस ते बरोबर आहे, १८४८ ला सात जणांनी जी मंडळी काढली त्यात हंट आणि मिले यांची पद्धत म्हणजे ओल्या पांढऱ्या ग्राउंडवर, म्हणजे चित्राखालच्या रंगाच्या थरावर, बारीक ब्रशने थोडा थोडा भाग घेत जायचं, रंग खालून उजळतो, आणि सगळं सारखंच स्पष्ट, जवळचं पान आणि लांबचं पानही. ‘ओफिलिया’ बघ, नदीकाठची फुलं झाडांच्या नावानिशी ओळखता येतात. पण रोझेटीला त्या पद्धतीचा धीर कधीच नव्हता. पन्नासच्या दशकात त्याने मुख्यतः वॉटरकलर केलं, तेही कोरडं कोरडं, घासून घासून, आणि ऑइलकडे परत आला तो १८५९ च्या आसपास, तेव्हा त्याला व्हेनिसच्या चित्रकारांसारखं मांसल, मऊ काहीतरी हवं होतं. म्हणजे ‘प्री-राफेलाइट’ या एका शब्दात दोन वेगळे हात आहेत आणि वर्गात पहिलाच शिकवतात. याच्याशी तुलना करायची तर हेन्री हॉलिडेचं ‘दान्ते अँड बिआट्रिस’ बघ, लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीत आहे, १८८४ ला पुरं झालेलं. हॉलिडे मुद्दाम फ्लॉरेन्सला जाऊन आला, तेराव्या शतकात नदीकाठचा रस्ता विटांचा होता का दगडाचा हे शोधून काढलं, आणि तसाच काढला. चांगलं चित्र आहे, मला आवडतं, पण ते रस्त्यातल्या भेटीचं चित्र आहे, तिथे रस्ता खरा लागतोच. रोझेटीला शहर दाखवायचंच नव्हतं, तिच्यापासून सुटत जाणारं शहर दाखवायचं होतं.

आणि ते तो लाइटने करतो. सगळा उजेड तिच्या मागे आहे. घरी करून बघ: संध्याकाळी पाच-साडेपाचला कुणाला तरी पश्चिमेच्या खिडकीसमोर, खिडकीकडे पाठ करून बसव, खोलीतले दिवे बंद. पहिल्यांदा केसांची कड पेटते, मग लक्षात येतं की चेहऱ्यावर पांढरा असा कुठे उरलाच नाहीये, नाक, गाल, कपाळ सगळं तीन-चार टोनमध्ये आलंय, आणि डोळ्यांच्या खाचा कुठे संपतात ते सांगता येत नाही. हाच तो चेहरा. धूसरपणा ब्रश फिरवून आणलेला नाही, टोन जवळजवळ आणल्यामुळे कडा आपोआप हरवल्या आहेत. विद्यार्थी इथेच फसतात, आधी कडक चेहरा काढतात आणि मग कोरड्या फॅन ब्रशने पुसत बसतात, त्याने चित्र धूसर नाही होत, मळकं होतं.

दुसरं कारण मी माझ्या धंद्यावरून सांगते, पुस्तकात सापडणार नाही. समोर माणूस नसताना, आणि ते माणूस आपलं असताना, कडा हातातून निघतच नाहीत. वडलांचं पोर्ट्रेट मी ते गेल्यावर दोन वर्षांनी केलं. एवढे परक्यांचे वडील केले होते, हात बसलेला होता, फोटोही भरपूर होते. पण कानाची पाळी नक्की गालाला कुठे चिकटते तिथे येऊन थांबले, फोटोत दिसत होतं तरी ते खरं वाटेना, कारण मला आठवत होते ते वडील मान वळवताना, आठवणीतल्या माणसाला बाह्यरेषा नसते. शेवटी ती कड मी सोडूनच दिली. आईने बघितलं, म्हणाली, आत्ता हे आले. रोझेटीकडे फोटोऐवजी ड्रॉवरभर स्केचेस होती, शिवाय लिझीवरून आधीच सुरू करून ठेवलेलं एक डोकं होतं असं मानतात, आणि सहा वर्षं. सारखीसारखी चाळलेली आठवण अशीच होते, मधोमध उबदार आणि कडेला विरलेली.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, बिआट्रिस की लिझी, माझं उत्तर असं: चेहरा लिझीच्या स्केचवरून आलेला आहे, गोष्ट बिआट्रिसची आहे, आणि बसलेली जी आहे ती रोझेटीची आठवण आहे. कवीची प्रेरणा वगैरे आपण फार सहज म्हणतो. दान्तेचं ठीक होतं, त्याने बिआट्रिसला दोन-चारदा बघितली, बाकी तो स्वतःच रचायला मोकळा होता. लिझी दहा वर्षं याच्या घरादारात वावरलेली, चिडणारी, आजारी पडणारी, चित्रं विकणारी बाई होती, आणि तिला त्या दोन-चारदा दिसलेल्या मुलीच्या मापात बसवायचं तर तिच्यातलं बरंच कापावं लागलं. तुझ्या लेखी नोटमध्ये ‘रोझेटीने पत्नीचे अमर चित्रण केले’ असं लिहू नकोस एवढंच माझं म्हणणं. पॉपीचं फूल लिही, सेल्फ-पोर्ट्रेटही लिही.

एक आपल्याकडचा धागा, नोटमध्ये नाही घातला तरी चालेल. हे चित्र ईझलवर होतं त्याच काळात, १८६५ ला, जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले. त्यांच्या बायकोची सख्खी बहीण जॉर्जियाना म्हणजे चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची बायको, आणि बर्न-जोन्स रोझेटीच्या हाताखाली तयार झालेला. मला जेजेच्या आवारातून जाताना हे दर वेळी आठवतं.

कॉपी कशी करायची ते थोडक्यात. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरू करू नकोस, आधी रॉ अंबर आणि थोडा हिरवा असा पातळ हात मारून वाळू दे, मधला टोन तयार मिळतो. मग फक्त तीन आकार: मागचा उजेड, डोक्याचा-केसांचा गडद गोळा, हातांचा उजळ तुकडा. चेहऱ्याला चौथ्या-पाचव्या दिवसाआधी हात लावायचा नाही. त्वचेत पांढरा जपून, जेवढा पांढरा घालशील तेवढी ती दुपारच्या उन्हात येऊन बसेल. केसांची पेटलेली कड एकदम शेवटी, बर्न्ट सिएनाचं पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, वाळल्यावर एखाद-दोन ठिकाणीच जाड रंग. प्रिंट चांगल्या रिझोल्यूशनचं घे आणि लंडनचंच घे, कारण रोझेटीने याच्या आणखी प्रती केल्यात आणि नेटवर सगळी सरमिसळ आहे. शिकागोतली प्रत १८७१-७२ ची, तिला खाली एक आडवी पट्टी आहे, तिच्यात दान्ते आणि बिआट्रिस स्वर्गात भेटतात, बर्मिंगहॅमची रोझेटी गेला तेव्हा अपुरी होती, ती मॅडॉक्स ब्राउनने पुरी केली. लंडनचं चित्र माउंट-टेंपल बाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ १८८९ ला देशाला दिलं, टेटमध्ये आहे, ‘ओफिलिया’ही टेटकडेच.

आणि हातांना वेळ दे. सगळे चेहऱ्यावर महिना घालवतात आणि हात दोन दिवसांत उरकतात. ते हात प्रार्थनेचे नाहीत, जोडलेले नाहीत, मांडीवर नुसते सैल उघडे पडलेत, तळवा वर, आणि फूल अजून हातात पडलेलं नाहीये, चोचीतच आहे. फुलाच्या आणि बोटांच्या मधली ती जागा नीट मोजून काढ. मी दोनदा कॉपी केली आणि दोन्ही वेळा ती जागा माझ्याकडून कमी झाली.